जुन्या गाडीची वायरिंग घरी तपासताना: बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

आमच्या घरी बाबांची १९९७ सालची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा गाडी गल्लीच्या चढावर उभी होती, तरी पायाखालच्या मॅटपर्यंत पाणी आलंच. मॅट काढून धुतली, गाडी उन्हात दारं उघडी टाकून वाळवली, ती चालू झाली आणि तो विषय आम्ही तिथेच सोडला. पुढच्या पावसाळ्यात तक्रार सुरू झाली. सकाळी चावी फिरवली की सेल्फचा (इंजिन चालू करणाऱ्या मोटरचा) नुसता ‘टक’ आवाज. कधी दुसऱ्या-तिसऱ्यांदा लागायची, कधी शेजारच्यांना बोलावून ढकलायला लागायची.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, बॅटरी गेली. नवी घातली. तीन आठवडे बरे गेले आणि पुन्हा ‘टक’. मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) उतरवून दुरुस्त करून घेतला. तरी तेच. शेवटी बाजारपेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी मीटरच्या दोन वायरी लावल्या, मला चावी फिरवायला सांगितली आणि पाच मिनिटांत दोष दाखवला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी (करंटची परतीची वाट) बाहेरून धड दिसत होती, पण तिच्या टोकाच्या लगमध्ये (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कडीत) तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. नव्या पट्टीला दोनशे रुपयेही लागले नाहीत. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही निर्दोष होते.

त्यानंतर मी काकांकडे बसून बरंच शिकले. जुन्या गाडीत विजेचा बिघाड बहुतेक वेळा वस्तूत नसतो, दोन वस्तूंच्या सांध्यात असतो. सांधा डोळ्यांनी कळत नाही, मोजूनच कळतो. मोजायला शिकणं अवघड नाही, म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं मारुती ८०० ची आहेत, कारण तीच मला माहीत आहे. पण पद्धत झेन, सॅन्ट्रो, इंडिका अशा कुठल्याही १२ व्होल्टच्या जुन्या गाडीला लागू पडते.

## काय काय जवळ हवं

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालतो, पण त्यात १० अँपिअरचं वेगळं भोक असलेला घ्या.
- टेस्ट लॅम्प. दुकानात मिळतो, नाहीतर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी यांतून घरी बनतो. हा बल्ब पुढे फ्यूजच्या पायरीत कामाला येणार आहे.
- १० आणि १२ नंबरचे पाने, पक्कड, चपटा आणि फुली स्क्रू ड्रायव्हर.
- पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन.
- डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीला झाकणं असतील तर).
- वेगवेगळ्या अँपिअरचे सुटे फ्यूज, लग, हीट श्रिंक नळी, चांगली इन्सुलेशन टेप.
- चष्मा आणि रबरी हातमोजे. बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं.
- शक्य असेल तर पावडरचा अग्निशामक. नसेल तर कोरड्या वाळूची बादली.

कागदांपैकी गाडीसोबतचं ओनर्स मॅन्युअल शोधा, कुठला फ्यूज कशाचा हा तक्ता त्यात असतो. सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे मिळाला तर सोन्याहून पिवळं. बॅटरीचं वॉरंटी कार्डही बाहेर काढून ठेवा, तिची तारीख लागेल.

## १. हात लावण्याआधी

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेली हवी. घराच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण बॅटरीच्या पॉझिटिव्हवर पाना आणि बॉडीला अंगठी टेकली तर अंगठी क्षणात लाल होते आणि बोट भाजतं.

टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. याचं कारण सोपं आहे. निगेटिव्ह सुटलेलं असलं की पॉझिटिव्हचा पाना चुकून बॉडीला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ उदबत्ती, काडी, सिगरेट काहीही नको.

आणखी एक सवय मी बऱ्याच गॅरेजमध्ये पाहिली आहे: इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडते का ते बघून अल्टरनेटर तपासायचा. हे करू नका, कुणाला करूही देऊ नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतो. त्यात अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जाऊ शकतात आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो.

## २. तक्रार वहीत लिहा

ही पायरी बिनकामाची वाटते, पण माझा सगळ्यात जास्त वेळ हिनेच वाचवला. नेमकं काय होतं, कधी होतं, हवा ओली होती की कोरडी, त्या वेळी आणखी काय चालू होतं, हे लिहा. ‘लाईट प्रॉब्लेम’ असं लिहून काही कळत नाही. ‘डावा इंडिकेटर दिला की मागचा डावा पार्किंगचा दिवाही लुकलुकतो’ असं लिहिलं की उत्तर अर्धं हातात आलेलं असतं.

मग बघा, बिघडलेल्या गोष्टींत समाईक काय आहे. पेट्रोल आणि टेंपरेचर हे दोन्ही काटे एकाच दिवशी चुकीचं दाखवू लागले, तर दोन्ही सेन्सर एकदम गेले असण्याची शक्यता कमी. दोघांना एकच फीड (वीज आणणारी वायर) किंवा एकच अर्थ असेल, तिकडे जा. वायपर, हॉर्न आणि ब्लोअर एकदम बंद झाले असतील तर फ्यूजच्या तक्त्यात ते तिघे एका ओळीत दिसतात का बघा.

आणि शेवटी गाडीला कुणी, काय जोडलं होतं ते आठवा. नवा स्टिरिओ, रिव्हर्सचा बझर, फॉगलॅम्प, सेंट्रल लॉक. मूळ वायरिंग पंचवीस वर्षं टिकलेली असते. खराब होतो तो मध्येच कुणीतरी सोलून, पिळून, टेप गुंडाळलेला जोड.

## ३. बॅटरी: नुसते दिवे पेटतात का हे बघून चालत नाही

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी लावण्याआधी, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर टोकं टेका. त्यांवर आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच.

१२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली आली तर आधी चार्ज करा, मग पुढचं काहीही तपासा. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंही माप फसवतं.

आता दुसरं माप. टोकं तिथेच धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा १० च्या आसपास किंवा वर राहायला हवा. ९.६ च्या खाली घसरला आणि बॅटरी आधी १२.६ दाखवत होती, तर तिच्यात दम उरलेला नाही. पण आकडा ११.५ वर ठाम आहे आणि सेल्फ तरीही ‘टक’ करतोय, तर बॅटरीला दोष देऊ नका. तिच्याकडे द्यायला भरपूर आहे, कुणी घेतच नाहीये. माझ्या गाडीत हेच होतं. नवी बॅटरी विकत घेण्याआधी हे एक माप घेतलं असतं तर तो खर्च वाचला असता.

झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल बघता येतात. पाच सेल १२५० च्या जवळ आणि एक ११८० वर असेल तर तो सेल गेला, चार्ज करून परत येत नाही. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला, नळाचं किंवा विहिरीचं कधीच नको.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर सोड्याचं पाणी टूथब्रशने लावा, फेस थांबेपर्यंत घासा. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. मग क्लॅम्पची आतली बाजू आणि खुंटी पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि त्यावर वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग क्लॅम्प असं नको.

जुनी बॅटरी अंगणात ठेवू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. नवी घेताना दुकानदार ती परत घेतो, पैसेही वजा करतो.

## ४. चार्जिंग

गाडी चालू करा, थोडी रेस द्या आणि बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ मध्ये असेल तर ठीक. आता हेडलाईट, ब्लोअर, वायपर सगळं लावा. आकडा १३.५ च्या वर टिकायला हवा. १२.६ वरच अडकला तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेला आहे, तो बॅटरीचं पाणी उकळवून संपवेल आणि बल्बही उडवेल.

अल्टरनेटर उतरवण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा: अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलीमीटरपेक्षा जास्त खाली जातोय का, लोड आल्यावर किंचाळतो का. दुसरी, डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा. चावी ऑन केल्यावर, इंजिन लागण्याआधी, तो पेटलाच पाहिजे. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्याच दिव्यातून अल्टरनेटरला जागं करणारा थोडासा करंट जातो. दिव्याचा बल्ब उडाला की अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरू होत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बसाठी अल्टरनेटर उघडला जातो.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीचं माप घेतलंत आणि आकडा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर आतला एखादा डायोड गेला असावा. असा डायोड रात्री गाडी उभी असताना बॅटरीही पिऊ शकतो. सातव्या पायरीत हे लक्षात ठेवा.

## ५. अर्थ: इथे वेळ द्या

गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी नसतात. पॉझिटिव्ह वायरने जातो, परतीचा रस्ता म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी. बॅटरीच्या निगेटिव्हमधून एक जाड पट्टी बॉडीला, बॉडीवरून दुसरी इंजिनला. त्याशिवाय ठिकठिकाणी काळ्या वायरी स्क्रूने पत्र्याला जोडलेल्या असतात. कोकणातल्या खाऱ्या, ओल्या हवेत सगळ्यात आधी गंजतात ते हे स्क्रू.

माडाच्या वाडीत पाटाने पाणी सोडतात ते आठवा. विहीर काठोकाठ भरलेली आहे, पण मध्ये पाटात पानं अडकली की शेवटच्या आळ्यापर्यंत धार पोचत नाही. विहिरीचं पाणी मोजून ते कळणार नाही. अडकलेल्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे पाहावं लागतं. मीटरने तेच करायचं. याला काका व्होल्टेज ड्रॉप म्हणतात.

मीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर, रंगावर नाही. आता कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला लावा आणि त्या वेळचा आकडा वाचा. सांधे उत्तम असतील तर ०.२ व्होल्टच्या आत राहतो. ०.५ च्या पुढे गेला तर दोष नक्की. आमच्या गाडीत १.४ आला होता. म्हणजे सेल्फला मिळायच्या व्होल्टेजपैकी १.४ तो एक सांधा खात होता आणि त्याची नुसती उष्णता करत होता.

मग टोक पुढे-पुढे सरकवत जा. खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते पट्टीचं दुसरं टोक, तिथून बॉडी, बॉडीवरून इंजिन. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो तिथे पाना लावा. प्रत्येक सांध्याला ०.१ पेक्षा जास्त द्यायचं नाही, असं मी धरते.

पॉझिटिव्ह बाजूही अशीच. एक टोक पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, सेल्फ मारताना ०.५ च्या आत. तिथे हात घालताना टोक बॉडीला टेकणार नाही आणि बाही पट्ट्यात जाणार नाही याची काळजी घ्या.

मीटर नसेल आणि रस्त्यात अडकला असाल, तर जंपर केबलची एक वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या धातूला. सेल्फ एकदम जोमात फिरला तर अर्थची पट्टीच दोषी.

आणखी एक खूण. सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल तर थांबा. इंजिनची अर्थ तुटली की करंट मिळेल त्या लोखंडातून परततो आणि या बारीक केबली त्याची वाट होतात. त्या आतून भाजतात, अडकतात. आमच्या गाडीची क्लच केबल आदल्या वर्षी विनाकारण जड झाली म्हणून बदलली होती. तिचा याच्याशी संबंध असावा हे पट्टी बदलल्यावर लक्षात आलं.

एका सापळ्यापासून मात्र सावध राहा. मीटरचा ‘बीप’ लावून अर्थ तपासू नका. पट्टीची शंभरातली एक तार धड असली तरी बीप वाजतो, कारण मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून जाणार नाहीत. सांधा लोड असतानाच तपासायचा.

सांधा साफ करताना बोल्ट नुसता आवळून भागत नाही. तो पूर्ण काढा, लगची दोन्ही अंगं आणि खालचा पत्रा चमकेपर्यंत घासा, परत घट्ट लावा, वरून व्हॅसलीन. गाडीत कधी पाणी शिरलं असेल तर पायाजवळच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढून आतले अर्थचे स्क्रूही असेच करा. पाणी ओसरून महिने उलटल्यावरच त्यांचा त्रास सुरू होतो.

## ६. फ्यूज सारखा उडतो

आधी रंग पाठ करा: बदामी ५, तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा पारदर्शक २५, हिरवा ३०. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा. १० च्या जागी ३० घातला की फ्यूज वाचतो आणि वायर पेटते. सिगरेटच्या पाकिटातली चांदी, तांब्याची तार, सेफ्टी पिन हे मी स्वतः फ्यूजबॉक्समधून काढलेले प्रकार आहेत, आणि एका जागी आजूबाजूचं प्लास्टिक वितळलेलं होतं.

एकदाच उडाला तर बदला आणि लक्ष ठेवा. लगेच पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका. त्याऐवजी उडालेल्या फ्यूजच्या दोन खाचांत २१ वॅटच्या बल्बच्या दोन वायरी लावा. आता त्या रस्त्याने पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे शॉर्ट असला तरी काही जळत नाही, फक्त बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. त्या फ्यूजवरच्या सगळ्या वस्तू बंद करा, जमलं तर त्यांचे कनेक्टर काढा. बल्ब पेटलेलाच असेल तर वायर हलवत चला: दाराच्या बिजागरीजवळचा रबरी नळा, डिकीच्या दाराचं वळण, बॉनेटखाली पत्र्याच्या कडेवरून गेलेला भाग. जिथे हलवल्यावर बल्ब मंदावतो किंवा विझतो, शॉर्ट तिथेच.

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखालच्या उबेला येतात, ते वायरी कुरतडतात. विष्ठा, कागदाचे कपटे, नारळाच्या काथ्याचे तुकडे दिसले तर त्या भागाची टेप उलगडून बघाच.

## ७. रात्रभरात बॅटरी उतरते

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी दोन दिवस उभी ठेवली की गाडी लागत नाही. म्हणजे चावी काढल्यावरही काहीतरी करंट पीत आहे.

सगळं बंद करा, चावी काढा, दारं लावा. बॉनेटचा दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर अँपिअरवर ठेवा. एक टोक सुटलेल्या क्लॅम्पवर, दुसरं निगेटिव्ह खुंटीवर. दोन-चार मिनिटं थांबा, मग वाचा.

मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटर तिथेच जळेल. आणि माप झाल्याबरोबर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. १० अँपिअरच्या भोकात राहिलेल्या वायरने नंतर कुणी बॅटरीचा व्होल्टेज मोजायला गेलं तर तो सरळ शॉर्ट आहे. नवशिक्यांचे मीटर बहुतेक याच चुकीने जातात.

०.०५ अँपिअरच्या खाली असेल तर चिंता नाही. स्टिरिओची मेमरी, घड्याळ एवढं घेतातच. समजा आकडा ०.२५ आहे. दिवसाला ६ अँपिअर-अवर, तीन दिवसांत १८. मारुतीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे निम्मी गेली. आता एकेक फ्यूज काढा आणि आकड्याकडे बघा. जो काढल्यावर आकडा धाडकन खाली येतो, त्याच्यावरच्या वस्तू तक्त्यात शोधा. सगळे काढूनही उतरला नाही तर फ्यूजबॉक्सला वळसा घालून गेलेली वायर असेल: थेट बॅटरीवरून घेतलेला स्टिरिओ किंवा अलार्म, नाहीतर अल्टरनेटरचा डायोड.

नेहमीचे अपराधी सांगते. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची पिवळी वायर कायम चालू असलेल्या फीडला आणि लाल वायर चावीच्या फीडला जायची असते. घाईत बसवणारे दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला देतात आणि स्टिरिओ कधी झोपतच नाही. दाराचं बटण गंजून आतला दिवा मंद पेटत राहतो, दिवसा तो दिसत नाही. आणि ब्रेकच्या पॅडलवरचा छोटा रबरी किंवा प्लास्टिकचा ठोकळा झिजून पडला की ब्रेकचा दिवा चोवीस तास चालू. रात्री गाडीमागे एकदा फेरी मारा, काही वेळा मीटरची गरजही पडत नाही.

## ८. मंद हेडलाईट

घाटात रात्री गाडी चालवणाऱ्यांना हे सांगायलाच हवं. दिवे चालू ठेवून बल्बच्या मागे, कनेक्टरवर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटचा पूर्ण करंट स्टिअरिंगच्या स्विचमधून फिरून येतो, तिथल्या झिजलेल्या पट्ट्या दीड-दोन व्होल्ट सहज खातात. व्होल्टेज दहा टक्के कमी झाला की उजेड साधारण तीस टक्के घटतो. त्यावर १००/९० वॅटचे बल्ब बसवणं हा उपाय नाही, त्याने स्विच आणि होल्डर वितळतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ६०/५५ चेच बल्ब ठेवा आणि रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून बल्बला, ८५ आणि ८६ पैकी एकाला स्विचकडून येणारी जुनी वायर, दुसऱ्याला अर्थ. अप्पर आणि डिपरला वेगळे रिले. तयार किट मिळतं, त्याने काम सोपं होतं. दाभोळच्या रस्त्याने रात्री परतताना मला हा फरक पहिल्या वळणावर दिसला.

इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकतो म्हणजे त्या बाजूचा बल्ब गेला. इंडिकेटरसोबत पार्किंगचा दिवा लुकलुकतो, ब्रेक मारल्यावर भलतंच काही पेटतं, तर मागच्या दिव्याच्या डब्याची काळी अर्थ वायर बघा.

## ९. वायर जोडताना

दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याचा बिघाड आजच करून ठेवणं. लग किंवा स्लीव्ह नीट दाबून बसवा किंवा सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा. आधी नळी वायरीत ओवायची, मग जोड करायचा. मूळ वायरीपेक्षा बारीक वायर वापरू नका. टेस्ट लॅम्पचं टोकदार टोक वायरीत खुपसून तपासलं असेल तर ते भोक टेपने बंद करा. त्यातून ओल शिरते आणि तांबं आतल्या आत हिरवं होत जातं. एमपीएफआय गाडीत इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरींना टेस्ट लॅम्प लावूच नका, तिथे फक्त मीटर.

## १०. कधी थांबायचं

जळका वास, गरम झालेली वायर, वितळलेला फ्यूजबॉक्स, चावीच्या स्विचच्या आतला दोष, एअरबॅग असलेल्या गाडीतली पिवळ्या आवरणातली वायर. यातलं काही दिसलं तर निगेटिव्ह सोडवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. गॅरेज नव्हे, ऑटो इलेक्ट्रिशियन. कामं वेगळी आहेत. त्यांच्यासमोर ‘बॅटरी उतरते’ एवढंच न म्हणता वही ठेवा: सकाळी १२.५, सेल्फ मारताना ११.४, अर्थवर १.४, गळती ०.०२. असे आकडे पाहिले की चांगला माणूस अंदाजाने वस्तू बदलायला सांगत नाही, सरळ सांध्याकडे जातो.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, फॉर्म २५ भरून. त्या तपासणीला गाडी नेण्याच्या आदल्या संध्याकाळी एकाला मागे उभं करा आणि अप्पर, डिपर, चारही इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स, नंबरप्लेटचा दिवा, हॉर्न, वायपर हे सगळं एकदा वाजवून-पेटवून बघा. नंबरप्लेटचा दिवा बहुतेकांच्या लक्षातच नसतो, आणि तिथलाही अर्थचा स्क्रू गंजलेलाच निघतो.